आजारी पडणारी वहिनी

आमच्या वहिनीचं काम आजारी पडायचं. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करतेय, पण मेडिकल कॉलेजात तिला त्यासाठीच नेमलं होतं. मुलांची परीक्षा असली की पडद्यामागच्या खाटेवर पेशंट म्हणून कुणीतरी बसावं लागतं. खरा पेशंट एकच गोष्ट दिवसभर एकेका मुलाला सांगत बसत नाही, आणि बसलाच तर प्रत्येकाला वेगळं सांगतो. म्हणून कॉलेज धडधाकट माणसं आणतं, त्यांच्याकडून एक दुखणं पाठ करून घेतं आणि मुलं त्यांना प्रश्न विचारून रोग ओळखतात.

दादा गेल्यावर वहिनीने शिलाईचं मशीन पुढे ओढलं आणि त्यावर घर चालवलं. परीक्षेच्या हॉलचे पडदे तिनेच शिवलेले. ते टांगायला आली तेव्हा शिडीवरून उतरताना तिने कंबरेच्या दुखण्याचं असं काही रसभरीत वर्णन केलं, की परीक्षा बघणारे प्राध्यापक चहा हातात धरून ऐकतच राहिले. हेच मुलांपुढे कराल का, असं त्यांनी विचारलं. वहिनी हो म्हणून मोकळी झाली. मी त्याच हॉलमध्ये घंटा वाजवायच्या कामावर. घंटा झाली की मुलं एका पडद्यामागून दुसऱ्या पडद्यामागे जातात. म्हणजे नणंद घंटा वाजवणार आणि भावजय कण्हणार, असा आमचा संसार.

तिचा एकच तोरा होता. पहिल्या मुलापुढे जेवढी कण्हली, तेवढीच शेवटच्यापुढे कण्हणार. शब्द तेच, थांबायच्या जागाही त्याच. नव्या माणसांना शिकवायचं कामही मग तिच्याकडेच आलं. खाटेवर बसलं की आपलं घर विसरायचं, काही झालं तरी पात्र सोडायचं नाही, असं ती त्यांना बजावायची. घरी भांडी घासताना तिची तालीम चालायची. माझी भाची, म्हणजे तिची मुलगी, त्याच कॉलेजात डॉक्टरकी शिकत होती. ती वैतागून म्हणायची, "आई, तुला खरंच काही झालं तर आम्हाला कळणार कसं?"

"खरंच झालं की मी गप्प बसेन," वहिनी म्हणायची. आम्ही हसायचो.

भाची शेवटच्या वर्षाला आली आणि कॉलेजच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या खेपेला तपासणीची समिती आली होती, तेव्हा शिक्षक कमी निघाले होते आणि परीक्षा तर मनमानीच चालली होती. एक परीक्षक एकाला काय विचारील आणि दुसऱ्याला काय, याचा नेम नव्हता. शिक्षणाचे जे निकष ठरलेले असतात त्यात बसा, नाहीतर मान्यता काढून घेऊ, असं समितीने सांगितलं होतं. मान्यता गेली की पोरांचं काय होणार, हे कुणीच नीट सांगत नव्हतं. त्यामुळे ज्याला जे सुचेल ते भयंकर तो बोलायचा. पदवीला कुणी विचारणार नाही, मुलं कुठल्या कुठे पाठवतील, वर्षं पाण्यात जातील. भाचीने घरी या विषयावर बोलणंच बंद केलं. रात्री तिच्या खोलीतला दिवा जळत असायचा, पण पान उलटल्याचा आवाज येत नसे.

समिती येणार म्हणून भिंतींना रंग लागला. त्या वासाने आमची डोकी उठली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, विचारलं तर तेवढंच बोलायचं, अशी सगळ्यांना ताकीद मिळाली. डीननी स्वतः मला बोलावून घेतलं. घंटा क्षणभर आधी नाही की नंतर नाही, सगळ्या मुलांना सारखा वेळ मिळतो का हे ती माणसं बघणार आहेत, असं ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण बोलताना त्यांच्या हातातली किल्ली वाजत होती. ते बघून मला जास्त भीती वाटली.

वहिनी त्या दिवसांत डावा हात सारखा चोळायची. मशीनमुळे भरून येतो, म्हणायची. मी तिच्यावर डाफरले, डॉक्टरांच्या इमारतीत वावरतेस, एकाला तरी दाखव. परीक्षा होऊन जाऊ दे, मग दाखवते, एवढंच तिचं उत्तर. तिने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी हलायची नाही.

तो दिवस उजाडला. समितीत तिघं होती. दोघं पुढे गेले आणि वयस्कर बाई होत्या त्या नेमक्या वहिनीच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या. घड्याळाचा खांब तिच्याच पडद्यालगत, त्यामुळे मीही तिथेच बाहेर उभी. भाचीची परीक्षा दुसऱ्या हॉलमध्ये होती, पेशंट नात्यातला नको म्हणून.

वहिनीला दिलेलं दुखणं साधं होतं. जेवल्यावर छातीत जळजळ, पित्ताची. मुलांनी हे हृदयाचं नाही ना, याची खात्री करायची. दुखणं हातात जातं का, असं विचारलं की वहिनीने "नाही हो, हातात कुठलं" म्हणायचं. पहिल्या काही मुलांना तिने तसंच सांगितलं. मग एकाला सांगताना ती मध्येच थांबली. तिथे थांबायची जागा नव्हती.

पुढचा मुलगा आला तो उंचच उंच, आवाज कापरा. त्याने विचारलं, "दुखणं हातात जातं का?"

"जातं," वहिनी म्हणाली. "डाव्या हातात. जबड्यातही."

जिने कधी काना-मात्रा बदलली नाही, ती भलतंच बोलत होती. आत परीक्षकांनी खाकरून, नीट आठवून सांगा, असं हळूच सुचवलं. त्यांचंही बरोबर होतं. एका मुलाला एक उत्तर आणि दुसऱ्याला दुसरं, यावरूनच तर मागे कॉलेजचे वाभाडे निघाले होते, आणि समितीच्या बाई शेजारीच बसलेल्या.

मुलाने तिचं मनगट धरलं असावं. "सर, यांचा हात गार पडलाय. घाम फुटलाय."

"तू पुढचा प्रश्न विचार."

त्यालाही नापास व्हायचं नव्हतं. मग तो अगदी हळू म्हणाला, "सर, घाम नाटकात आणता येत नाही."

माझ्या हातात घंटा होती आणि वेळ झालेली नव्हती. डीन समोरच्या दारात उभे होते. भाचीची सगळी वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली आणि दादाचा चेहराही आला. तरी घंटा वाजली. मी ती वाजवतच राहिले, आणि दुसऱ्या हाताने पडदा ओढला.

वहिनी छातीवर हात ठेवून बसली होती. रोज बसायची तशीच, तोच हात, तोच चेहरा. फक्त कपाळावरून पाणी ओघळत होतं. मला पाहूनही तिने समितीच्या बाईंकडे तोंड केलं आणि म्हणायला लागली, "जेवल्यावर जळजळतं हो..." तेव्हा मी जेवढी घाबरले, तेवढी जन्मात कधी घाबरले नव्हते.

कॉलेजचंच हॉस्पिटल आवारात, म्हणून ती वाचली. त्या उंच मुलानेच स्ट्रेचर ढकललं. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली. ती आत असताना समितीच्या बाई बाहेरच्या बाकाशी आल्या आणि त्यांनी डीनना एकच विचारलं, "तुमच्या पेशंटला थांबायचं असेल तर ती काय करते?"

डीननी प्राध्यापकांकडे पाहिलं, प्राध्यापकांनी परीक्षकांकडे, परीक्षकांनी माझ्याकडे. मी म्हणाले, थांबायचं नसतं असंच तीच सगळ्यांना शिकवते. बाई माझ्या शेजारी बसून राहिल्या. मला वाटलं, आता कॉलेज संपलं. भाची भिंतीला टेकून रडत होती, आणि मान्यतेचं नावसुद्धा तिच्या तोंडी नव्हतं.

मान्यता राहिली, पण अटींवर. शिक्षक भरा, परीक्षक तयार करा, शिवाय खाटेवर बसणाऱ्या प्रत्येक माणसाची आधी तपासणी करा आणि त्याला वाटेल तेव्हा परीक्षा थांबवता येईल अशी सोय करा. सोय म्हणजे एक लाल कार्ड. पेशंटने ते पुढे केलं की घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी थांबायचं. तळहाताएवढं कार्ड, पण ते नव्हतं म्हणून आमची वहिनी जायची वेळ आली होती.

घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. तर ही बया हसून म्हणते, "पात्रात राहूनच सांगितलं होतं की, वन्सं. तुम्हाला कळलं ना?"

"आणि कळलं नसतं तर?"

"मी थांबले असते तर पोरीचं सगळंच थांबलं असतं," ती म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

भाची डॉक्टर झाली. तिने एक लाल कार्ड घरी आणून मशीनवर ठेवलं. तोंडाने सांगता येत नसेल तर हे पुढे कर, असं आईला बजावलं. वहिनीने ते मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारलं. भाचीने काढून परत वर ठेवलं. कॉलेजने वहिनीचं आजारी पडणं बंद केलं, तेव्हापासून तिने बरं असण्याचं काम धरलं. कशी आहेस विचारलं की "बरी आहे, मला काय धाड भरलीय." शेजारीण असो, भाची असो की मी, शब्द तेच आणि सूरही तोच. भाची जाता-येता आईचा हात हातात घ्यायची. लाड नव्हते ते, घाम बघायची. मी रात्री तिच्या हाकेकडे कान लावून झोपायचे.

परवा दुपारी आम्ही दोघी हॉलचे नवे पडदे शिवत होतो. ती दुमडत होती, मी दोरे तोडत होते. डीन नव्या समितीपुढे लाल कार्ड दाखवायला गेले आणि खिशातून भलतंच काही काढून उभे राहिले, ही हकिकत ती रंगवून सांगत होती. त्यांची किल्ली कशी वाजली तेही तिने करून दाखवलं. मी हसून हसून बेजार. मशीन थांबलं. सुई अडकली असेल म्हणून मी वर पाहिलं नाही. ती बोलतच होती. आणि पडद्याच्या कापडाखालून तिचा हात आला. लाल कार्ड टेबलावरून सरकत माझ्यापुढे आलं.

मी वर पाहिलं. चेहरा हसराच होता.

मी तिचं मनगट धरलं. ते गार होतं. दुसऱ्या हाताने भाचीला फोन लावला, आणि वहिनी अजून डीनचंच सांगत होती.

"वहिनी, बास," मी म्हणाले. "थांबलो आपण."

तेव्हा कुठे ती थांबली, आणि हसणं सोडून कण्हली.