सतरा नियम आणि कृष्णोजीअण्णा

एखादं काम नियमाप्रमाणे पार पडलं, की ते कुणाच्या लक्षात राहत नाही. अडलं, की त्याचा किस्सा होतो! आणि बंगळूरच्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात, आमच्या टेबलापाशी, सगळंच अडायचं.

साठच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा चामराजपेटेतल्या मुलींच्या शाळेत सायन्स टीचर होते. नवी म्हणून अर्ज तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जोडीला कृष्णोजीअण्णा. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले हेडक्लार्क, आमच्यासारखेच बंगळूरचे जुने मराठी. प्रदर्शनाचे सतरा नियम त्यांनी स्वतः टाइप केले होते. त्यामुळे नियम मोडणारा त्यांना घरात शिरलेल्या चोरासारखा वाटायचा.

*

नियम चौथा: मॉडेल तीन फूट लांब, दोन फूट रुंद, याहून मोठं नको.

एका मुलानं अर्जात लिहिलं, लांबी एक फूट, रुंदी एक फूट. अण्णांनी खूश होऊन ‘मंजूर’ लिहिलं. प्रदर्शनाच्या दिवशी तो छत्तीस फुटांच्या नळीचे तुकडे घेऊन हजर! पाऱ्याऐवजी पाण्याचा बॅरोमीटर!

“अरे, वर्गाला छप्पर आहे!” अण्णा ओरडले.

“सर, पण अर्जात उंची विचारलीच नव्हती.”

अण्णांनी नियमांचा कागद काढला. तीनदा वाचला. “अय्यो, खरंच विचारली नाही,” ते पडेल आवाजात म्हणाले.

नळी गच्चीवरून अंगणात सोडली. पाणी कुठवर चढलंय ते बघायला परीक्षक दिवसभर जिने चढत होते. पुढच्या वर्षी नियम अठरा झाले.

*

अर्जात तीन चौकटी असत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. एकाच चौकटीत खूण करायची.

बसवनगुडीचा एक मुलगा इडलीपात्र घेऊन आला. खुणा तिन्ही चौकटींत! अण्णांनी जाब विचारला, तर म्हणतो, “सर, पीठ आंबतं ती बायॉलॉजी, वाफ ती फिजिक्स आणि चव ती केमिस्ट्री.”

त्यानं डब्यातल्या दोन इडल्या पुढे केल्या. अण्णांनी खाल्ल्या.

“मग कुठल्या विभागात ठेवायचं?” मी विचारलं.

“थांबा टीचर, अजून चटणी तपासायची आहे!”

*

‘कोणाची मदत घेतली?’ असाही एक रकाना होता. बहुतेक जण ‘कोणाचीही नाही’ असं लिहीत. आणि अक्षर वडिलांचं!

अशाच एका मुलाला परीक्षकांनी विचारलं, “ही मोटर फिरते कशी?” तो म्हणाला, “दोन मिनिटं थांबा सर. अप्पा कॉफी प्यायला गेलेत.”

एका मुलीनं मात्र सगळं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. “अप्पा: खिळे ठोकले. अक्का: रागावली नाही. आजी: रागावली, पण आईला सांगितलं नाही.”

अण्णांनी तो अर्ज बाजूला काढून ठेवला. “वीस अर्जांत हा पहिला खरा,” म्हणाले.

*

नियम नववा: जिवंत प्राणी आणू नयेत.

एका मुलीनं अंडी उबवायची पेटी केली होती. आत बल्ब, कापूस आणि सहा अंडी. रजिस्टरात नोंद झाली, ‘अंडी, सहा’. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलमधून चिवचिव ऐकू यायला लागली. बघतो तर चार पिल्लं!

कमिटीचे अध्यक्ष तणतणत आले. “कृष्णोजीराव, हे काय? नियम मोडला!”

अण्णा शांत. “नाही मोडला, सर. प्राणी आणले नाहीत. ते आपणहून आले.”

*

आणि मग देवनहळ्ळीची रुक्मिणी.

अर्जांच्या शेवटच्या दिवशी सकाळच्या बसनं ती एकटी आली. सुंदर अक्षर, सगळे रकाने भरलेले, पण शाळेचा गोल शिक्का नाही. हेडमास्तर लग्नाला कोलारला गेलेले. शिक्का त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात.

“अण्णा, स्वल्प सांभाळून घ्या ना,” मी म्हटलं.

“शिक्का नाही, तर प्रवेश नाही. पाच वाजेपर्यंत वेळ आहे.”

पोरीनं अर्ज घडी करून पिशवीत ठेवला आणि ती गेली. तिचे डोळे भरलेले मला दिसले. दिवसभर माझं कामात लक्ष लागेना.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ती धापा टाकत आली. अर्जावर गोल, जांभळा शिक्का! अण्णांनी भिंग लावून पाहिला. गावाचं नाव, शाळेचं नाव, सगळं जागच्या जागी.

“बघा टीचर,” ते मला म्हणाले, “नियम कडक ठेवला, की हेडमास्तरसुद्धा लग्न सोडून परत येतात!”

प्रदर्शनात रुक्मिणीच्या टेबलाभोवती ही गर्दी! जांभूळ, बीट, हळद, हिरडा यांच्यापासून तिनं शाया केल्या होत्या. रंग दाखवायला अर्धे कापलेले बटाटे, त्यांवर पोपट, कमळ, कोयरी कोरलेली. येईल त्याच्या वहीवर ती ठसा उमटवून देत होती.

अण्णाही वही घेऊन पुढे झाले. टोपलीच्या तळाशी एक सुकलेला बटाटा होता, तोच त्यांनी उचलला. “अण्णा, तो नको!” ती म्हणेपर्यंत त्यांनी तो शाईत बुडवून वहीवर दाबला.

गोल. जांभळा. गावाचं नाव, शाळेचं नाव, सगळं जागच्या जागी.

रुक्मिणीचा चेहरा पांढराफटक पडला. अण्णांनी खिशातलं भिंग काढून ठसा पाहिला.

“उलटी अक्षरं कोरायला किती वेळ लागला?” त्यांनी हळूच विचारलं.

“दोन तास, अण्णा.”

त्यांनी वहीचं पान फाडलं. त्यात बटाटा नीट गुंडाळला आणि कोटाच्या खिशात टाकला.

“चला टीचर,” ते म्हणाले, “घरी सांबाराला एक बटाटा कमीच पडत होता.”