जास्तीचा एक अँपिअर

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. वायरमन माणूस मी — मीटरवर दिसतं तेवढंच खरं, असं मानणारा. पण म्हणूनच हे सांगतोय… कारण हे मीटरवरच दिसलं!

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं होती. हैदराबादला इलेक्ट्रिकचं काम शिकून मी नुकताच परतलो होतो आणि जवळा बाजारच्या एका जिनिंगमध्ये डायनामो बसवायचं काम मिळालं. गावात विजेचा दिवा कुणी पाहिलाच नव्हता. दिवे लावायचा दिवस नेमका बाजाराचा; भर दुपार, तरी बाजार सोडून फाटकाबाहेर ही गर्दी! टिनाच्या शेडमध्ये बाया कपाशी निवडत बसलेल्या आणि त्यांच्या डोक्यावर माझे दहा बल्ब.

इंजिन चालवणाऱ्या रहीमचाचांनी डायनामोवर पट्टा चढवला. बल्ब लागले आणि बाया चक्क ओरडल्याच! मी मात्र शेडबाहेर, इंजिनजवळच्या मीटरकडं बघत होतो. दोनशे व्होल्ट, बराबर. चाळीस वॅटचे दहा बल्ब म्हणजे चारशे वॅट. त्याला दोनशेनं भागलं की दोन अँपिअर यायला हवेत. काटा तीनवर!

"चाचा, एक अँपिअर जास्त जाऊन राहिला."

"जाऊ दे की बेटा. उजेड तर पडला ना!"

मी सगळे बल्ब बंद केले. काटा शून्यावर यायला हवा होता… एकवरच थांबला. दोनशे व्होल्ट, एक अँपिअर — म्हणजे दोनशे ओहमचा रोध आणि दोनशे वॅट. पाच बल्बांची वीज कुठंतरी मुरत होती. शेडच्या टिनात उतरली असेल तर? बाया तर टिनालाच टेकून बसलेल्या!

मी धावलो. "उठा! सगळ्या बाहेर व्हा! टिनाला हात लावू नका!"

"काहून? आत्ता तर बसलो आमी," मुकादमीण गंगाबाई करवादली.

"मावशी, करंट हाय. जीव जाईल!"

तिनं माझा चेहरा पाहिला आणि एकेकीला दंडाला धरून बाहेर काढलं. मालक तणतणत आले, "काम बंद पाडून राहिला का रे?" मी ऐकायला थांबलोच नाही. इंजिन बंद करवलं, शेडकडं जाणारी तार मीटरपासूनच सोडली आणि चाचांना पुन्हा चालू करायला सांगितलं. आता मीटरच्या पुढं काही जोडलेलंच नव्हतं. वीज जाणार कुठं?

काटा हळूहळू चढला… आणि एकवर उभा राहिला.

"या अल्लाह," चाचा पुटपुटले, "तार तर तुझ्या हातात हाय!"

तेवढ्यात — कडाड्! शेडची मधली तुळई मोडली आणि बाया बसल्या होत्या तिथंच अख्खं छप्पर खाली आलं. नुसती धूळ आणि कापूस… मालक ढिगाऱ्याकडं धावले. गंगाबाई रडत रडत एकेकीचं नाव घेत होती. सगळ्या होत्या! एकीलाही खरचटलं नव्हतं!

मी मीटरकडं वळलो. इंजिन चालूच होतं, व्होल्ट दोनशेच. अँपिअरचा काटा शून्यावर.

तुळई आतून वाळवीनं पोखरली होती, एवढं कळलं. ढिगाऱ्यातून तार काढून वीतवीत तपासली, कुठंच लीकेज नाही. तोच मीटर हिंगोलीला नेऊन दुसऱ्या मीटरशी ताडून पाहिला. दोन्ही बराबर!

पुढच्या बाजारी गंगाबाईनं मला अडवलं. "लेकरा, काय दिसलं रे तुला त्या डब्यात?"

"एक अँपिअर, मावशी," मी म्हणालो.

तो कुठं जात होता, हे मात्र मी तेव्हा तिलाही सांगू शकलो नाही आणि आज तुम्हालाही सांगू शकत नाही.