ड्रिलमास्तरचं आजारपण

चुलतबहिणीच्या मुलाची मुंज ठाण्याला होती. जेवणं झाली, पंगत उठली, आणि मी पाटावर तसाच बसून राहिलो. आधी वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील. हात जमिनीला टेकून जोर केला, तर कोपरंच दुमडली. पत्रावळी उचलणारे येऊन माझ्यापाशी थबकले. कोणीतरी म्हणालं, "मास्तर, जिलब्या जरा बेतानं घ्यायच्या होत्या!" मांडवभर हशा झाला. मीही हसलो. शेवटी बायकोच्या भावानं माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. मी तिशीत होतो आणि डोंबिवलीच्या एका शाळेत ड्रिल शिकवत होतो. शाळेचं मैदान म्हणजे भात कापून झालेलं खाचर. तिथं मुलांना ओळीत उभं करून जोर, बैठका, मल्लखांब. पायात खोट निघावी असा माझा धंदा नव्हता.

खरं तर त्या मुंजीच्या बरंच आधी सुरुवात झाली होती. "हात वर!" असा हुकूम सोडताना माझेच हात छातीपर्यंत येऊन थांबत. मी शिट्टी तोंडाशी धरायचो आणि मुलांच्या मागे उभा राहायचो, म्हणजे कोणाला दिसायचं नाही. घरी भांग पाडता येईना. बायको माझ्या हातातून फणी घ्यायची आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. संडासातून उठायला दाराची कडी धरावी लागे. एकदा कडी निसटली, तेव्हा तिला हाक मारावी लागली. ती आत आली, तिनं मला उचललं, आणि त्यानंतर दोन-तीन दिवस मी तिच्याशी धड बोललो नाही.

आम्ही राहायचो कल्याणला, वडिलांच्या घरी. वडिलांना सगळी आळी दादा म्हणे, आम्हीही दादाच म्हणायचो. त्यांचं तरुणपण तालमीत गेलेलं. साठी उलटली तरी पहाटे लंगोट कसून अंगणात उतरायचे. मुंजीतली हकिगत त्यांच्या कानावर गेली, तेव्हा म्हणाले, "आळस शिरलाय अंगात. उद्या पहाटे माझ्याबरोबर जोर काढ."

मी उतरलो. पहिल्याच जोराला छाती खाली गेली ती वर आलीच नाही. हनुवटी फरशीवर आपटली, ओठ फुटला. दादा आत गेले आणि दार लावून घेतलं.

महिनाभरात पाणी पिताना ते नाकातून बाहेर यायला लागलं. तेव्हा मात्र आमच्या डॉक्टरांनी ठाण्याच्या इस्पितळात पाठवलं. तिथं मांडीतला मांसाचा एक तुकडा काढून तपासायला मुंबईला धाडला. मग डॉक्टर खाटेशी येऊन म्हणाले, "स्नायूंना सूज आहे. नसांचा दोष नाही, अशक्तपणा नाही. शरीर आपल्याच स्नायूंवर उलटलंय म्हणा ना."

"कशानं झालं?" बायकोनं विचारलं.

"ते आम्हालाही ठाऊक नाही."

शेजारच्या खाटेवर कल्याणचेच एक वकील होते, पन्नाशी ओलांडलेले. त्यांनाही तेच, शिवाय पापण्यांवर जांभळट चट्टे आणि बोटांच्या पेरांवर लाल पुरळ. त्या पुरळापायी बिऱ्हाडकरूंनी त्यांना महारोगी ठरवलं होतं, नळावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. हे ते हसत हसत सांगायचे. मला ते हसू समजत नसे. लघवीचं भांडं हवं असलं तर ते वॉर्डभर ऐकू जाईल अशी हाक मारायचे. मी मात्र दात आवळून पडून राहायचो, चादर ओली होईपर्यंत.

"अहो मास्तर," ते एकदा म्हणाले, "लाजून काय ते पाय हलणार आहेत?"

मी तोंड फिरवलं.

एका फेरीच्या वेळी वकिलांनी डॉक्टरांना थेट विचारलं, "साहेब, या रोगाची माणसं घरी चालत जातात का? अशिलाला सांगतात तसं सांगा."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. "काही जातात. काही जातात पण आधीसारखी होत नाहीत. काहींना गिळता येत नाही, घास श्वासनलिकेत जातो आणि छाती भरते. तुमच्या वयाला आम्हाला आणखी एक बघावं लागतं, पोटात कुठं गाठ वगैरे नाही ना."

"म्हणजे निकाल राखून ठेवलाय."

"तसंच म्हणा."

तेव्हा सूज उतरवणाऱ्या कॉर्टिझोनच्या गोळ्या नव्यानंच आल्या होत्या. डॉक्टरांनी त्या मुंबईहून मागवल्या आणि दोघांनाही सुरू केल्या. जेवण अळणी. मला हळूहळू मान उचलता यायला लागली. वकिलांच्या पोटात मात्र गाठ निघाली. त्यांचे हातपाय थोडे सुधारले, पण माणूस आतून सुकत गेला. एका सकाळी त्यांच्या छातीत घरघर लागली आणि दुपारच्या आत ते गेले. त्यांच्या बायकोनं पिशवीत कपडे भरताना माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी पेज पीत होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच पेज न ठसकता सरळ घशाखाली उतरली होती. वाटी कुठं लपवावी ते कळेना.

दादा इस्पितळात एकदाही आले नाहीत. बायकोच्या भावाला मी विचारलं, तर तो चुळबुळत म्हणाला, "दादा आळीत सांगतात की तुम्ही ट्रेनिंगला नाशिकला गेलाय." मला राग यायला हवा होता. आला नाही. मी नाशिकला असतो तर किती बरं झालं असतं, एवढंच मनात आलं.

इस्पितळातून सुट्टी मिळाली ती पावसाळा संपता संपता. कल्याण स्टेशनवरून टांगा केला. गोळ्यांनी माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, गाल डोळ्यांवर आले होते. टांगा दाराशी थांबला. उतरायला पाय खाली सोडला, तो लोंबकळत राहिला. बायको एका बाजूनं, तिचा भाऊ दुसऱ्या बाजूनं. आळीतली माणसं ओट्यांवर आली. दादाही दारात उभे होते.

समोरचे गृहस्थ म्हणाले, "काय दादा, मास्तर आले वाटतं नाशिकहून?"

दादांनी त्यांच्याकडे न बघताच उत्तर दिलं, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "नाशिकला नव्हता तो. इस्पितळात होता. मी खोटं सांगितलं."

मग ते टांग्यापाशी आले. "पाय वर घे."

"घेता येत नाही, दादा."

"बरं."

त्यांनी एक हात माझ्या गुडघ्यांखाली घातला, एक पाठीमागं, आणि मला उचललं. ओट्याच्या पायऱ्या चढताना त्यांचा श्वास फुलला होता, मानेची शीर टरारली होती. कोणी मदतीला पुढं झालं, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. माझ्या गालावर काहीतरी पडलं. त्यांचा घाम की आणखी काही, ते मी बघितलं नाही.

त्यानंतर त्यांनीच मला चालवलं. पहाटे अंगणात भिंत धरून, पुढं पुढं काठी घेऊन. वर्षभरानं मी शाळेत परत गेलो. मैदान दुसऱ्या मास्तरांकडे गेलं होतं, मला पहिलीच्या वर्गावर बसवलं. फळ्याच्या वरच्या अर्ध्यावर मी कधीच लिहू शकलो नाही. पोरांना वाटे, आपल्याला दिसावं म्हणून गुरुजी खाली लिहितात. मी तसं वाटू दिलं.

दादा गेले ते त्याच दशकाच्या अखेरीला, झोपेत. मी थोरला, विधी माझ्याकडे. चितेभोवती फिरायला पाण्यानं भरलेलं मडकं खांद्यावर घ्यायचं होतं. हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. बायकोचा भाऊ पुढं आला, त्यानं मडकं माझ्या खांद्यावर ठेवलं आणि खालून हात देत माझ्याबरोबर फिरला. सगळी आळी उभी होती. लोक बघताहेत, हे मला आधी जाणवलं. दादा गेले, हे त्यानंतर.