शनिवारचा उरलेला चहा

पन्नासच्या दशकात मिठागरांच्या मोजणीसाठी मला एक हिवाळा पनवेलला काढावा लागला. उतरलो होतो खाडीजवळच्या एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणी ज्यूंच्या, घरात. नवराबायको दोघंच. मागच्या चार खोल्या ते पाहुण्यांना देत आणि त्यावरच त्यांचं चाले. बाईंना सगळे मावशी म्हणत, नवऱ्याला काका. खाडी गाळाने भरत आली होती, तरी गाव स्वतःला बंदर म्हणवून घेई. मीही वाद घालत नसे.

गावातली जुनी माणसं या लोकांना शनवार तेली म्हणत. पूर्वज तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. घाणा गेला, शनिवार राहिला. शुक्रवारी दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत मावशी चुलीला हात लावत नसत. जेवण आदल्या दिवशीचं. चहा पाहुण्यांनी स्टोव्हवर आपापला करून घ्यायचा. त्यातही एक कलम होतं. मावशींसाठी म्हणून केलेला चहा त्यांना चालत नसे, आणि ‘माझ्यासाठी कर’ असं सांगणंही बसत नसे. पाहुण्याने स्वतःसाठी केलेल्यातला उरला, तर मात्र हरकत नव्हती. त्यामुळे शनिवारी माझा पाण्याचा अंदाज हमखास चुके.

“शिकलेल्या माणसांना मापं म्हणून कळत नाहीत,” असं म्हणत काका उरलेला बशीत ओतून घेत.

त्या वर्षी खोल्या देणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. तालुक्याचे नवे साहेब घर बघून ठरवणार होते. ते नाही म्हणाले असते, तर मावशींची चूल आठवड्याचे सातही दिवस थंड राहिली असती. साहेब आले ते नेमके शनिवारी. शाळेत स्वावलंबनावर भाषण करून आले होते, आणि झेंडूचा हार गळ्यात तसाच होता. त्यांनी खोल्या पाहिल्या, विहिरीत डोकावले, खुर्चीत बसले आणि चहाची वाट पाहू लागले.

बरोबरचा पट्टेवाला जवळच्याच नेरे गावचा होता. “चा नाय भेटायचा, साहेब. आज यांचा शनवार हाय.”

काकांनी पाहुण्यांची रीत सांगितली. पट्टेवाला स्टोव्हकडे वळला, पण भाषण अजून साहेबांच्या अंगात होतं.

“थांब. मी करतो.”

त्यांनी हार खुंटीला अडकवला, स्टोव्हला पंप मारला, भडका उडाला तेव्हा एक पाऊल मागे सरले. चहा मात्र बरा झाला. पहिला कप त्यांनी मावशींपुढे धरला.

“घ्या, मावशी. खास तुमच्यासाठी.”

मावशींनी हात पदराआड घेतले. “नको, साहेब.”

“का? माझ्या हातचं चालत नाही?”

आपल्याकडे या प्रश्नाचा एकच अर्थ होतो. तो त्यांनी ज्या हळू आवाजात विचारला, त्यावरून आयुष्यात पहिल्यांदाच विचारला नसावा. हार खुंटीवर होता, आणि समोर साहेब असा कोणी उरला नव्हता. काका घाईघाईने धर्मशास्त्र सांगू लागले. ते आणखीच वाईट ऐकू येत होतं.

“तुम्ही गप्प बसा हो,” मावशी म्हणाल्या. “साहेब, तुमच्या हातचा कसा नाही चालणार? पण तुम्ही तो माझ्यासाठी केलात ना, तिथेच अडलं. शनिवारी माझ्यासाठी कुणी काही करायचं नाही. हे पाहुणे स्वतःपुरता करतात, आणि दर वेळी उरतो मेला.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

ते तिथेच उभ्याने तो कप प्याले. मग भांडं विसळलं. “मला अजून एक कप लागेल,” असं ते भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, आणि लग्नघराला पुरेल इतकं पाणी चढवलं.

“शिकलेली माणसं!” काका म्हणाले.

स्वतःचा कप भरून झाल्यावर साहेबांनी भांड्यात वाकून पाहिलं. “छे, फारच उरला.”

मावशींनी कप पुढे केला.

परवाना आठवड्याभरात मिळाला. पण मावशी त्या दिवशी नुसतं बोलल्या की त्यांनी साहेबांना सुचवून नियम मोडला, यावर काकांचं समाधान झालं नाही. मी खोली सोडली तेव्हाही नवराबायकोत तो वाद चालूच होता.