दारावरचा गेंचो

मेलेल्या माणसाला टाय बांधण्यात स्नेझानाचा हात कुणी धरत नसे. सोफिया शहराच्या पोदुयाने भागात, ट्रामच्या वळणावरच्या फोटोच्या दुकानात ती विशीपासून हेच करत आली होती. माणूस गेला की घरचे फोटो घेऊन येत, आणि तो फोटो हमखास कुणाच्या तरी लग्नातला असे. मयत घामाघूम, हातात राकिया दारूचा पेला, खांद्यावर मेहुण्याचा पंजा. स्नेझाना पंजा उडवायची, पेला काढायची, दाढी उतरवायची, कोट चढवून टाय बांधायची. मग काळ्या चौकटीत छापलेला तो कागद घराच्या दारावर, बसथांब्यावर, दिव्याच्या खांबावर लागायचा. चाळिसाव्या दिवशी नवा, सहा महिन्यांनी नवा, मग दर वर्षाला एक. आमच्याकडे माणूस मेल्यावर जितका रस्त्यावर दिसतो तितका जिवंतपणी दिसत नाही.

पुढे आमच्या रस्त्यांवर परदेशी सिनेमे येऊ लागले. आमचे रस्ते स्वस्त, आणि जरा पुसून घेतले की कुठलेही वाटतात. सिनेमे आले तशा व्हीएफएक्सच्या, म्हणजे पडद्यावरचं चित्र मागाहून बदलून देणाऱ्या कंपन्या आल्या, आणि फोटोच्या दुकानातला सफाईचा हात बघून एका कंपनीनं स्नेझानाला उचललं. पहिल्या दिवशी तिच्या पडद्यावर काय काम यावं? सोफियाचा एक रस्ता, त्याचं न्यूयॉर्क करायचं होतं, आणि भिंतीभर मयतांचे कागद होते ते काढायचे होते. त्यातले निम्मे टाय तिनंच बांधलेले.

ह्या धंद्यात कामं अशी वाटून दिलेली असतात की लग्नघरातली कर्ती बाईही थक्क व्हावी. कॅमेरा कसकसा हलला ते उलटं गणित मांडून शोधणारा एक. त्याला मॅचमूव्हवाला म्हणतात, आणि त्याला स्वतःची गाडी मागे घेता येत नाही. पळत्या नटाला केसाच्या बटांसकट, एकेक फ्रेम करत कातरून वेगळं काढणाऱ्या रोटोवाल्या दोघी. त्यांची नजर इतकी बारीक की त्यांच्यासमोर नवा शर्ट घालून जायची सोय नाही. आग, धूर, पूर आणणारा एफएक्सवाला निराळा. सकाळभर शहरं जाळून झाल्यावर तो दुपारी मायक्रोवेव्ह कसा लावायचा ते विचारायला येतो. सगळ्यांचं काम एकावर एक बसवून एकजीव करतो तो कॉम्पोझिटर, आणि म्हणून सिनेमा आपणच काढला अशी त्याची समजूत. ह्या सगळ्यांच्या खालच्या पायरीवर पेंट, म्हणजे स्नेझाना. दिसायला नको ते ती पुसते, आणि त्याच्या मागं जे असेल, जे कधी कुणी पाहिलेलंच नाही, ते रंगवते. काम उत्तम झालं तर तिनं काही केलंय असं कुणालाच वाटत नाही. पगारवाढीच्या वेळी कंपनीलाही वाटत नसे.

तिची आई त्सोंका सगळ्या बिल्डिंगला सांगायची, "माझी स्नेझा सिनेमात आहे."

"एवढे सिनेमे बघितले, कुठं दिसली नाही ती," खालच्या मजल्यावरची स्तोयना म्हणायची.

"दिसली असती तर काढून टाकलं असतं तिला कामावरनं!" त्सोंका म्हणायची, आणि ह्याच्यापुढं दोघींना कळत नसल्यामुळे विषय टोमॅटोवर जायचा.

गेंचो, स्नेझानाचा बाप, डिसेंबरात गेला. ट्रामच्या डेपोत आयुष्यभर मेकॅनिक, आणि आयुष्यभर तोंडात सिगरेट. 'सोमवारपासून सोडतो' हे वाक्य त्सोंकानं लग्नानंतरच्या पहिल्या सोमवारी ऐकलं होतं. शेवटी फुप्फुसांनीच त्याला सोडलं. त्याचा एकच बरा फोटो होता, भाच्याच्या लग्नातला: मान मागं टाकून हसतोय, एका हातात पेला, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत सिगरेट. स्नेझानानं रडत रडत सवयीनं काम केलं. पेला काढला, सिगरेट काढली, हसू जरा मिटवलं, टाय बांधला.

त्सोंकानं कागद हातात धरून बघितला. "हा कोण?"

"आई, बाबा आहेत."

"हा बँकेतला साहेब आहे. असा माणूस मला मागणी घालायला आला असता तर मी दार नसतं उघडलं." पण दारावर काहीतरी लावायला तर हवं, म्हणून तोच लावला. जूनमध्ये सहा महिन्यांचा कागदही त्याच फोटोचा झाला. शेजारी स्तोयनाच्या नवऱ्याचा, मेतोदीचा. दोघं हयातीत रोज एका बाकावर बसून प्यायचे, आता एका दारावर होते.

त्याच आठवड्यात सिनेमावाले ह्याच रस्त्यावर आले. युनिटचा माणूस दारावरचे कागद काढायला लागला तशी त्सोंका चपला न घालताच खाली उतरली.

"हात लावशील तर बघ!"

"काकू, फक्त दोन दिवस. हे न्यूयॉर्क आहे."

"असेल. तिथं माणसं मरत नाहीत होय?"

"मरतात, पण दारावर लावत नाहीत."

"म्हणून तर विसरतात! नवऱ्याला चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षानं आठवायचं असतं. तू त्याला भर सहा महिन्यांना दारावरनं हाकलतोस?"

मागं सगळं युनिट खोळंबलेलं. दिग्दर्शकाचं म्हणणं आलं की राहू द्या, नंतर काढता येईल. युनिटच्या माणसानं ते त्सोंकाला तोंड गोड करून सांगितलं: "राहू दे, काकू. आता गेंचोकाका सिनेमात दिसणार!"

झालं. संध्याकाळपर्यंत ही बातमी किराणावाल्यापासून पाद्र्यापर्यंत गेली. ज्या बाईला आयुष्यात कुणी काही फुकट दिलं नाही, तिनं हे वचन पदरात बांधून ठेवलं. स्नेझानाला ते घरी गेल्यावर कळलं. नंतर म्हणजे कुठं आणि काढणार म्हणजे कोण, हे त्या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

ऑक्टोबरात तो शॉट आलाच. नायक रस्त्यानं पळत येतो, मागं स्फोट, डाव्या हाताला त्यांच्या बिल्डिंगचं दार. मॅचमूव्ह झालेलं, रोटो झालेलं, आता पेंट. तिनं आधी खांब साफ केले, मग भिंती, मग दारावरचा मेतोदी, आणि मेतोदी काढताना तिला काही म्हणता काही वाटलं नाही. शेवटी गेंचोवर कर्सर नेला. तिथून उठली, कॉफी प्यायली, परत आली, आणि बापाला पुसलं. खालचं लाकूड इतकं सुरेख रंगवलं की ते दार बसवलं तेव्हाही तसं दिसलं नसेल.

घरी आई रोज विचारायची, "आला का तुमच्याकडं?"

"नाही अजून," स्नेझाना म्हणायची. खोटं बोलणंही नव्हतं ते म्हणा. आलेला गेला होता.

आठवड्यानं लंडनचा निरोप आला. लंडन म्हणजे मुख्य सुपरवायझर ह्यूगो, पण ऑफिसात त्याला माणूस कुणी समजत नसे. 'लंडन म्हणालं' असंच बोलायचे. सोफियाचा सुपरवायझर कालोयान निरोप वाचत तिच्या खुर्चीमागं उभा राहिला.

"लंडन म्हणतंय, रस्ता निर्जीव वाटतो."

"काय?"

"निर्जीव. दारं बोडकी वाटतात म्हणे. भिंतींवर काहीतरी लावा, माणसं राहतात असं वाटू दे."

स्नेझाना हसायला लागली ती थांबेना. सगळे मयत काढले आणि रस्ता निर्जीव झाला! कालोयाननं हे डोक्यावर परिणाम झाल्याचं लक्षण समजून तिला चॉकलेट दिलं.

मग तिनं भिंतींवर सर्कशीची पोस्टरं लावली, कुणाचं हरवलेलं मांजर लावलं, आणि दाराशी आल्यावर घरून आणलेला भाच्याच्या लग्नाचा फोटो उघडला. मूळ फोटो, हात न लावलेला. मान मागं टाकलेली, पेला, सिगरेट, सुटलेली कॉलर. त्याला चौकट दिली, पण लाल-पिवळी, आणि वर ठसठशीत इंग्रजी अक्षरं: 'गेंचोज बार'.

कालोयान पडद्याशी वाकला. त्यानंच गेंचोच्या चाळिसाव्याला ऑफिसच्या स्वयंपाकघरात स्नेझानानं वाटलेले साखर घातलेले उकडलेले गहू खाल्ले होते, आणि तेव्हा तिथल्या दारावर टाय बांधलेल्या गेंचोचा कागद होता.

"ह्या माणसाला मी कुठंतरी बघितलंय," तो म्हणाला.

"न्यूयॉर्कात असतो," स्नेझाना म्हणाली. आता हा नको म्हणाला तर आईला तोंड कसं दाखवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

"बार चालतो का?"

"बरा चालतो."

"टाय नसला की माणूस बरा दिसतो," कालोयान म्हणाला आणि शॉट लंडनला पाठवला. ह्या माणसाला सगळं ऑफिस आजवर खडूस म्हणत आलं. ते शब्द मागं घेतले पाहिजेत.

लंडनला रस्ता फार आवडला. पोस्टर तर अस्सल न्यूयॉर्कचं वाटतं म्हणे. फक्त एक: सिनेमा लहान मुलंही बघणार, तेव्हा सिगरेट काढा. पेल्याबद्दल लंडनची काही तक्रार नव्हती.

कालोयाननं निरोप वाचून दाखवला आणि दुसरीकडं बघत म्हणाला, "माझ्या हातात नाही, स्नेझा." स्नेझानानं बापाच्या बोटांतली सिगरेट आयुष्यात दुसऱ्यांदा काढली. बोटं मात्र जवळ आणली नाहीत. दोन बोटं तशीच फाकलेली राहिली, मध्ये काही नाही.

सिनेमा लागला तो पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात, गेंचोच्या दोन वर्षांच्या तोंडावर. त्सोंका डोक्याचे केस बसवून, चांगला कोट घालून, स्तोयनाला घेऊन दुपारच्या खेळाला आली. मधे स्नेझाना. तिनं आईला काहीच सांगितलं नव्हतं. न्यूयॉर्क जळायला लागलं, नायक पळत आला, दार आलं आणि गेलं.

"गेंचो!" त्सोंका थिएटरभर ओरडली. "अगं बाई, गेंचो! हसतोय!"

पुढच्या रांगेतल्यानं मागं वळून शूऽऽ केलं. "तू गप रे, माझा नवरा आहे," असं त्याला सुनावून त्सोंकानं डोळे पुसले.

आणि मग स्तोयना, हळू आवाजात, पदर सावरावा तसा स्कार्फ सावरत म्हणाली, "आणि माझा मेतोदी? तोही दारावर होता ना?"

त्या दारावर आणखी एक माणूस होता आणि तो आपण पुसलाय हे वर्षभर स्नेझानाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, पण आई आधी बोलली.

"तुझा आत बसलाय. वाचलं नाहीस? बार आहे तो. गेंचो कधी एकटा प्यायलाय का?"

स्तोयनानं विचार केला. "खरं आहे," ती म्हणाली. "आणि मेतोदी एकदा बसला की बाहेर कुठं येतोय." आणि तिनं उरलेला सिनेमा समाधानानं पाहिला.

ट्रामच्या थांब्यावर स्तोयना पुढं गेल्यावर त्सोंका आपली दोन बोटं फाकवून बघत राहिली.

"बोटं अशी होती त्याची. सिगरेट कुठं गेली?"

"लंडननं काढायला लावली, आई. लहान मुलं बघतात म्हणून."

"जन्मभर मी घसा कोरडा केला," त्सोंका म्हणाली. "आणि लंडननं एकदा सांगितलं तर सोडली!" ती हसली, आणि हसता हसता तिनं तोंडावर हात धरला. थांब्याच्या काचेवर कुणाचे तरी तीन नवे कागद होते, तिघांनाही टाय. तिनं त्यांच्याकडं बोट केलं.

"दोन वर्षांचा कागद करायचाय ना तुला? लग्नातलाच फोटो घे. टाय नको, पेला राहू दे." ट्राम आली, दार उघडलं, आणि वर चढताना ती मागं वळून म्हणाली, "आणि सिगरेट परत दे त्याला, स्नेझा. आता काय वाईट व्हायचं राहिलंय त्याचं?"