विस्तव ओढून घेतल्यावर

तितिलियाच्या हातचं मीठ नांदी शहराच्या बाजारात डोळे मिटूनही ओळखता येतं, असं बायका म्हणतात. खारफुटीच्या कडेची माती खरवडायची, टोपलीत भरून तिच्यातून समुद्राचं पाणी गाळायचं आणि ते मातीच्या भांड्यात कढवायचं, हे गावातल्या सगळ्याच बायकांना येतं. थांबायचं केव्हा, हे तितिलियाला जास्त कळतं.

तेही तिला आपोआप आलं नव्हतं. नवी सून असताना तिनं शेवटच्या थेंबापर्यंत जाळ घातला. भांडं तडकलं, मीठ करपलं. सासूनं ते तपकिरी मीठ संपेपर्यंत रोज सुनेच्याच माशावर न चुकता घातलं.

या गावची मुलगी सासरी जाते ती माहेरच्या मिठाची टोपली मांडीवर घेऊन. पण तितिलियाच्या लेकीचं, केलेराचं लग्न ठरलं आणि पावसानं सगळी खारी माती धुऊन नेली. ऊन पडलं ते अगदी परवा. त्यामुळे वऱ्हाडाचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हा भांडं अजून चुलीवरच खळखळत होतं आणि भरती चढत होती. पाणी आलं की खारफुटीतला रस्ता बुडणार.

"वहिनी, पोरीला रिकाम्या हातानं पाठवतेस का?" असं म्हणत थोरली नणंद असिनाते लाकडं चुलीत कोंबू लागली.

सुरुवातीला तितिलियानं तिला अडवलं नाही. मग भांड्याचा आवाज बदलला. खळखळ संपली, दाट रबडीसारखं फदफदू लागलं. तितिलियानं पुढे होऊन जळती लाकडं बाहेर ओढली.

"अगं, विस्तव काढतेस की लग्न मोडतेस?"

"वन्सं, पाणी होतं तोवर तुमचा जाळ त्याची वाफ करण्यातच दमत होता. भांडं उकळीच्या वर तापत नव्हतं. आता पाणीच उरलं नाही. तोच जाळ भांड्याच्या जिवावर उठेल."

"आणि ओलं मीठ काय फुंकून वाळवणार?"

"चुलीचे दगड सकाळपासून तापलेत. ते काही लगेच गार होत नाहीत."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पोरीला तिकडे कोण काय बोलेल, कोण हसेल, हे तितिलियाच्या डोळ्यांसमोर आलं. हात लाकडाकडे गेला. मग तिनं तो पदरासारखा कमरेच्या कापडात खोचला आणि दुसऱ्या हातानं मीठ हलवत राहिली. वाफ विरळ होत गेली. कडेला आधी पांढरं दिसलं, मग मध्यावर. दगडांच्या उष्णतेनं मीठ हळूहळू रवाळ झालं. भांड्याला चीर नाही की मिठाला डाग नाही.

असिनातेनं चिमूट तोंडात टाकली. "माझ्या आईला तू शेवटी जिंकलंस गं," ती म्हणाली आणि स्वतःच टोपलीत पानं अंथरू लागली.

ट्रक सुटला तेव्हा चाकांना पाणी लागत होतं. केलेरा मागे वळून ओरडली, "आई, अजून चटके बसतायत!"

"मांडीवर चटई दुमडून घे!" तितिलिया ट्रकमागे पाण्यातून धावत म्हणाली. "आणि झाकू नकोस गं, वाफ जाऊ दे!"