ईली: कॅथीड्रल आहे म्हणून सिटी

बायकोने ईलीला जायचं ठरवलं, तेव्हा मी कारण विचारलं नाही. कारण मला माहीत होतं. मुग्धाला तिथल्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळत होती, सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि मी महिनाभर "त्या खेड्यात कोण जाणार" हेच पालुपद लावलं होतं. ती दर वेळी शांतपणे सांगायची, की ईली खेडं नाही, सिटी आहे. आम्ही राहतो ते ब्रॅकनेल ईलीच्या कितीतरी पट मोठं, तरी टाऊनच. इंग्लंडमध्ये कॅथीड्रल आणि राजाची मर्जी असली की सिटी होता येतं. सदाशिव पेठेला हे कोणी वेळेवर सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी निघालो. एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेवर रखडत, मग एम-इलेव्हन, पुढे ए-टेन, एकूण अडीच तास. केंब्रिज सुटलं की जमीन पोळपाटासारखी सपाट. पूर्वी इथे सगळी दलदल आणि ईली हे त्यातलं बेट. ईल मासे उदंड, म्हणून हे नाव. मग डच इंजिनिअर आणून पाणी उपसलं, आता काळ्याभोर मातीत बीट आणि बटाटे पिकतात. माणसं मात्र सकाळी उठून केंब्रिजची ट्रेन पकडतात.

पार्किंग फुकट निघालं. पुणेकराचा निम्मा विरोध तिथेच मावळतो, पण मी नेटाने तोंड वाकडं ठेवलं. बाजारात एका भाजीवाल्या आजींना विचारलं, सिटी सेंटर कुठे आहे.

"त्यातच उभे आहात तुम्ही," त्या म्हणाल्या.

मुग्धा हसली नाही, हे जरा लागलं.

कॅथीड्रल खरंच अफाट आहे. मुकाट्याने तिकीट काढा, आत जाऊन मान वर करा, अष्टकोनी मनोरा बघा, पैसे वसूल. नंतर नदीकाठी जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, खाताना मी सुरू केलं: कढीपत्ता कुठे मिळणार, गणपतीला कोणाकडे जाणार, माझं ऑफिस किती लांब पडणार.

"ब्रॅकनेलला आणलंस तेव्हा मी यातलं काय विचारलं होतं?" मुग्धा म्हणाली.

मी बटाट्यावर फुंकर मारू लागलो. गरम होता, असं समजा.

घरी येऊन चहा टाकला आणि ब्रॅकनेलच्या जमेच्या बाजू आठवू लागलो. ऑफिस जवळ. तेही माझं. दुसरी सुचेना. शेवटी विचारलं, सोमवारी काय कळवणार आहेस?

"हो म्हणून गुरुवारीच कळवलंय. तुला एकदा दाखवून आणावं म्हटलं."

रागावणारच होतो. पण चार वर्षांपूर्वी मी तिला ब्रॅकनेलला आणलं, तेव्हा आधी दाखवलंही नव्हतं.